चढ डोळ्याला दिसत नाही, पायाला कळतो

लाखनीच्या आसपासचा प्रदेश सपाट आहे की चढउताराचा? हा प्रश्न वर्गात विचारून पाहा. बहुतेक मुलं 'सपाट' म्हणतील. त्यांचंही खरंच आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, मधूनच एखादा तलाव, आणि दूर क्षितिजावर गायखुरीच्या डोंगरांची निळसर रेघ. आता हाच प्रश्न पाच-सात किलोमीटरवरून रोज सायकलने शाळेत येणाऱ्या मुलीला विचारा. येताना पायडल कुठे हलकं होतं आणि घरी जाताना त्याच जागी कसं जड होतं, हे ती नेमकं सांगेल. 'सपाट' रस्त्यावर तिला चढ सापडलेला असतो.

हा चढ खरोखर असतो की दमलेल्या पायांचा भास? थोडं गणित करून पाहू.

समजा मुलीचं वजन ४५ किलो, सायकल २० किलो, एकूण ६५ किलो. अगदी सपाट डांबरी रस्त्यावर ती ताशी १२ किलोमीटर वेगाने चालली आहे. तिला दोन गोष्टी मागे ओढतात. एक म्हणजे टायर दबून पुन्हा फुगताना वाया जाणारी ऊर्जा. हवा नीट भरलेली असेल तर या विरोधाचं बल सुमारे ५ न्यूटन धरता येईल. दुसरी गोष्ट म्हणजे हवेचा विरोध, या वेगाला सुमारे ४ न्यूटन. बेरीज ९ न्यूटन. एक किलोचं वजन म्हणजे साधारण १० न्यूटन, हे लक्षात घेतलं तर आपली सायकल किती नाजूक बलावर चालते ते कळतं. पाऊण-एक किलोची शेंगदाण्याची पुडी हातात धरायला जेवढा जोर लागतो, तेवढ्याच बलावर ६५ किलो वजन पुढे सरकत राहतं!

आता रस्त्याला २०० मीटरला एक मीटर इतका चढ आहे असं समजा. दहा मीटर अंतरात फक्त पाच सेंटिमीटर. हा चढ डोळ्याला दिसणं शक्य नाही. पण त्यामुळे मागे ओढणारं बल किती वाढेल? एकूण वजन ६५० न्यूटन, त्याचा दोनशेवा भाग, म्हणजे सव्वातीन न्यूटन. चढताना एकूण विरोध १२ न्यूटनच्या वर जातो आणि त्याच रस्त्याने उलट येताना तो ६ न्यूटनच्या खाली येतो. एका बाजूने लागणारा जोर दुसऱ्या बाजूच्या दुप्पट! पायाला तो न कळला तरच नवल. बैलगाडीत किंवा पायी चालताना हे का जाणवत नाही? तिथे सपाटीवरचा विरोध किंवा श्रमच इतके असतात की त्यात सव्वातीन न्यूटन बुडून जातात. सायकलचं मूळचं ओझंच कमी, म्हणून ती तराजूसारखी संवेदनशील. मोटरसायकलवर तर इंजिन सगळं गिळून टाकतं.

हे पडताळून पाहणं सोपं आहे. गवंडी पातळी काढायला वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी आणि दोन सारख्या काठ्या घ्या. रहदारी नसलेल्या रस्त्यावर दहा मीटरवर काठ्या उभ्या धरल्या की दोन्ही टोकांच्या पातळीतला फरक मोजता येतो. मग त्याच तुकड्यावर ठराविक वेगाने येऊन एका खुणेपाशी पायडल मारणं थांबवा आणि सायकल किती दूर घरंगळते ते दोन्ही दिशांनी मोजा. दोनशेला एक उतार असेल तर उताराकडचं अंतर चढाकडच्या दुपटीहून जास्त भरेल. वाऱ्याचा दिवस मात्र टाळायला हवा.

या भागात हा बारीक उतार ओळखायला येणं ही काही केवळ गंमत नाही. झाडीपट्टीतली सगळी तलावांची विद्या त्यावर उभी आहे. एक साधा प्रश्न मुलांना घाला. जमिनीला वीसला एक उतार आहे आणि तुम्ही तीन मीटर उंचीची पाळ बांधली. पाणी मागे किती दूर पसरेल? साठ मीटर. आता उतार दोनशेला एक असेल तर? सहाशे मीटर. मातीकाम तेवढंच, पण तलाव दहापट लांब. मात्र नुसती सौम्य जमीन असूनही भागत नाही. वरच्या बाजूला पाणी वेगाने सोडणारी डोंगराची बाजू हवी, आणि पाळ थोडक्यात बांधता यावी म्हणून दोन टेकड्यांमधली चिंचोळी जागा हवी. म्हणजे डोंगर संपून जमीन सौम्य होऊ लागते ती जागा. सायकलवाल्याच्या भाषेत सांगायचं तर, जिथे उतरून सायकल हाताने ढकलावी लागते, त्याच्या जरा खालची.

ही जागा कोहळी समाजातल्या माणसांनी नकाशे आणि दुर्बिणींशिवाय हेरली. नवेगाव बांधचा तलाव त्याचं सर्वांत मोठं उदाहरण. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधल्याचं सांगितलं जातं. दहा-अकरा चौरस किलोमीटर पसरलेलं पाणी, आणि ते अडवलेलं आहे भोवतीच्या टेकड्यांच्या मधल्या फटी बुजवून. या टेकड्यांना लोक 'सात बहिणी' म्हणतात. असे लहानमोठे हजारो तलाव पूर्व विदर्भात आहेत. १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे आले आणि त्यांचं नाव 'माजी मालगुजारी तलाव' पडलं. बोलताना आपण 'मामा तलाव' म्हणतो तो हाच. मामांचा इथे काही संबंध नाही!

म्हणूनच मला वाटतं, लाखनीच्या शाळेने वर्षातून एकदा तरी सहल बसऐवजी सायकलवर काढावी. साकोली, मग सानगडी, मग गोंदिया जिल्ह्यात शिरून नवेगाव बांध. एका बाजूने पन्नास किलोमीटरच्या आसपास, वाटेत मुक्काम करून जाणं. धानाची कापणी झाल्यावरचे थंडीचे दिवस उत्तम. महामार्गावरच्या ट्रकांच्या रांगेत मुलांना घालू नये. शक्य तितका प्रवास आतल्या रस्त्यांनी करावा आणि महामार्ग टाळता न येणारा तुकडा सकाळी लवकर, शिक्षक पुढे-मागे ठेवून पार करावा. जंगलालगतचे रस्ते अंधार पडण्याआधी संपवावेत.

वाटेतल्या जागा इतिहासाच्या आहेत, आणि चढाच्याही. सानगडीला टेकडीवर जुना किल्ला आहे. खालून पाहिलं तर टेकडी लहानशी दिसते. सायकल घेऊन निघालं की तिचं मोठेपण कळतं. दुसऱ्या एखाद्या वर्षी दक्षिणेकडे वैनगंगेकाठच्या पवनीला जावं. तिथे गाव मैदानात असूनही चढ आहेत, कारण ते माणसांनी घातलेले आहेत. जुन्या नगराचा मातीचा तट आहे, आणि जगन्नाथ टेकडी. तिला टेकडी म्हणत असले तरी १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी उत्खनन केलं तेव्हा तिच्या पोटात बौद्ध स्तूप निघाला. माणसांनी घातलेला अगदी अलीकडचा चढ पाहायचा तर लाखनीतच महामार्गाचा उड्डाणपूल आहे. आपल्याकडे सपाट प्रदेशातल्या रस्त्यांना सहसा तीसला एकापेक्षा जास्त चढ देऊ नये आणि डोंगरी भागात वीसला एकापेक्षा, असा रस्तेबांधणीचा दंडक आहे. किल्ल्याची वाट काढणाऱ्यांना अर्थातच असा दंडक नव्हता. उलट, चढणारा दमलेला असणं त्यांच्या फायद्याचं होतं.

इटलीतल्या तोस्काना प्रांतात सायकलने भटकायला जगभरातून लोक जातात. तिथली व्होल्तेरासारखी जुनी गावं संरक्षणासाठी डोंगरमाथ्यावर वसलेली. त्यामुळे दिवसभर दऱ्याखोऱ्यांतून गेल्यावर मुक्कामाचा शेवटचा तुकडा हमखास चढाचा असतो. झाडीपट्टीतलं गाव मात्र पाण्याजवळ, म्हणजे सखल भागात. आपल्या सायकलवाल्याचं नशीब या बाबतीत बरं! तोस्कानातल्या गायोले गावाहून १९९७ पासून जुन्या सायकलींची एक मोठी फेरी निघते. तिच्यात १९८७ च्या आधीच्या बनावटीच्याच रेसर सायकली चालतात, आणि रस्ते बरेचसे खडीचे, पांढऱ्या मातीचे.

जुन्या सायकलीवर चढ का नको होतो? याचं उत्तर चेनमध्ये आहे. आपल्या साध्या काळ्या सायकलीच्या पुढच्या चक्रीला ४४ दाते आणि मागच्या फ्रीव्हीलला १८ असतील, तर पायडलचा एक फेरा झाला की मागचं चाक जवळजवळ अडीच फेरे फिरतं. चाकाचा परीघ सुमारे २.२ मीटर. म्हणजे एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर पुढे जाते. या वेळात पाऊल किती चाललं? क्रँकची लांबी साडेसोळा सेंटिमीटर, तेव्हा वर्तुळाचा परीघ साधारण एक मीटर. पाऊल एक मीटर चालतं आणि सायकल पाच मीटर. तरफेचा नियम इथेही सुटत नाही. अंतर पाचपट मिळालं, तर बलही पाचपट द्यावं लागतं.

सपाटीवर ९ न्यूटनचे पाचपट ४५, म्हणजे साडेचार किलोचा दाब. काहीच नाही. वीसला एक चढावर वेग ताशी आठ किलोमीटरवर आणला तरी विरोध ३९ न्यूटन होतो. पायडलवर सरासरी २० किलोचा दाब द्यावा लागतो. हे सरासरीचं झालं. पायडल अगदी वर किंवा अगदी खाली असताना दाबाचा उपयोग होत नाही, त्यामुळे मधल्या क्षणी जोर दीडपट, सुमारे ३० किलो हवा. पंचेचाळीस किलोच्या मुलीला हे कसंबसं जमतं. बाराला एक चढावर मात्र हाच हिशोब ४८ किलोच्या आसपास जातो. तिचं सगळं वजन एका पायडलवर उभं केलं तरी ते पुरत नाही! हँडल वर ओढून आणखी जोर लावता येतो, पण फार वेळ नाही. तेव्हा चढावर उतरणारी मुलं कमजोर असतात असं समजायचं कारण नाही. चढ, वजन आणि दाते यांचं ते गणित आहे.

गिअरची सायकल इथे काय करते? पुढे-मागे सारख्याच दात्यांच्या चक्र्यांवर चेन टाकली तर एका फेऱ्यात सायकल दोन मीटरच्या थोडी वर जाईल आणि जोर दुपटीवर येईल. बाराला एक चढही मग बसल्या बसल्या चढता येतो. काम मात्र कमी होत नाही. आधी एका फेऱ्यात झालं असतं ते अडीच फेऱ्यांत होतं, इतकंच. गंमत अशी की फ्रान्सच्या प्रसिद्ध शर्यतीत, 'तूर द फ्रान्स'मध्ये, चालत्या सायकलीवर चेन सरकवणाऱ्या गिअरला १९३७ पर्यंत परवानगीच नव्हती. त्याआधी डोंगराच्या पायथ्याशी स्पर्धक उतरत, मागचं चाक काढत, उलटं करून दुसऱ्या बाजूच्या मोठ्या चक्रीवर चेन चढवत आणि पुढे निघत.

या कामाला अन्न किती लागतं? शंभर मीटर उंची चढायला ६५० न्यूटन गुणिले १००, म्हणजे ६५,००० ज्यूल. शरीर अन्नातल्या ऊर्जेचा सुमारे चौथा भागच कामात बदलू शकतं, बाकीची उष्णता होते. म्हणून अन्न हवं २,६०,००० ज्यूलचं, सुमारे ६० किलोकॅलरी. सतरा-अठरा ग्रॅम तांदूळ! सपाटीवरून चालवण्याचा आणि जगण्याचा खर्च वेगळा, पण निव्वळ शंभर मीटर उंचीची किंमत मूठभर तांदूळ एवढीच.

मुलं लगेच म्हणतील, चढलेलं उतरताना परत मिळतंच ना? ऊर्जा मिळते, वेळ मिळत नाही. एक किलोमीटर चढ ताशी ८ ने आणि तेवढाच उतार ताशी ३० ने कापला, तर सरासरी वेग १९ येत नाही. चढाला साडेसात मिनिटं, उताराला दोन. दोन किलोमीटरला साडेनऊ मिनिटं, म्हणजे ताशी साडेबारापेक्षा किंचित जास्त. सहलीचं वेळापत्रक करताना हा हिशोब चुकला की अंधार गाठतो.

आणि तो ताशी ३० चा वेग जपून हाताळायचा आहे. वीसला एक उतारावर पायडल न मारता, ब्रेक न दाबता सायकल सोडली तर हवेचा विरोध तिला ताशी तीस-एकतीस किलोमीटरवर रोखतो. तिथून दर सेकंदाला ३ मीटर प्रतिसेकंद या दराने वेग कमी करणारा चांगला ब्रेक असेल तर १३ मीटरमध्ये सायकल थांबेल. पण साध्या सायकलीची रिम लोखंडी असते. ती दवाने किंवा पावसाने ओली झाली की रबराची पकड फारच कमी होते. समजा ती दर सेकंदाला एक मीटर प्रतिसेकंद इतकीच उरली. त्यातला निम्मा भाग उताराचा ओढा खाऊन टाकतो, आणि थांबायला ७५ मीटर लागतात. पुढे तलावाच्या पाळीवरचं वळण असेल तर?

म्हणून निघण्याच्या आठवडाभर आधी शाळेच्या मैदानावर रेघ मारा. प्रत्येकाने ताशी दहा-बारा किलोमीटरने येऊन रेघेवर दोन्ही ब्रेक एकदम दाबावेत. नुसता पुढचा दाबला तर माणूस हँडलवरून पुढे जातो. थांबण्याचं अंतर फुटपट्टीने नव्हे, टेपने मोजा. मग दोन्ही रिमवर तांब्याभर पाणी ओतून पुन्हा तेच करा. दोन्ही आकडे ज्याच्या त्याच्या नावापुढे वहीत लिहायचे. ओल्या रिमचं अंतर कोरड्याच्या दुपटीहून जास्त निघालं तर ती सायकल आधी दुकानात न्यावी, ब्रेकची रबरं बदलावीत, आणि मोजणी पुन्हा करावी.