तुंगार्लीचे बंगले आणि जमिनीतला वायू

मुंबई-पुण्याच्या गर्दीला कंटाळलेला माणूस लोणावळ्यास येतो तो मुख्यतः हवेसाठी. तुंगार्लीच्या उतारांवर अलीकडे जे बंगले उभे राहिले त्यांचेही खरे भांडवल हवा हेच आहे. मात्र दारे-खिडक्या लावून घेतल्यावर आतली हवा कशी असते, हे विकणारा सांगत नाही आणि घेणारा विचारीत नाही.

हा प्रश्न रेडॉन या वायूचा आहे. खडकातील व मातीतील युरेनियमच्या क्रमशः विघटनातून रेडियम आणि रेडियमपासून हा किरणोत्सर्गी वायू उत्पन्न होतो. त्याला रंग नाही, वास नाही. उघड्यावर तो वाऱ्यात विरून जातो. बंद घरात मात्र जमिनीच्या भेगांतून शिरून साचतो. त्यापासून होणारे किरणोत्सर्गी कण श्वासाबरोबर फुप्फुसात जातात. फुप्फुसाच्या कर्करोगाच्या कारणांत धूम्रपानाखालोखाल रेडॉनचा क्रम लागतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

अमेरिकेला याची जाग आली ती १९८४ च्या डिसेंबरात. पेनसिल्व्हेनियातील लिमरिक अणुवीज केंद्रात काम करणारे अभियंता स्टॅन्ली वॉट्रस यांच्यामुळे तेथील धोक्याची घंटा वारंवार वाजू लागली. शोधाअंती दोष केंद्रात नव्हे, त्यांच्या राहत्या घरात सापडला. घरातील हवेत रेडॉनचे प्रमाण दर घनमीटरला सुमारे एक लाख बेकरेल इतके होते. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचविलेली मर्यादा आहे १०० बेकरेल, आणि ते शक्य नसेल तेथे फार तर ३००. आज त्या देशात घर घेताना रेडॉनची चाचणी करून घेण्याचा प्रघात आहे. तेथे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही ती करून घेतात. पण तीच मंडळी लोणावळ्यास बंगला घेतात तेव्हा हा विषय निघत नाही.

याचा अर्थ तुंगार्लीत घबराट माजावी असा मुळीच नाही. सह्याद्रीचा काळा पाषाण लाव्हारसातून घडलेला आहे आणि ग्रॅनाइटच्या मानाने त्यात युरेनियम फारच थोडे असते. ही आपली भूगर्भीय पुण्याईच म्हणावयाची. तथापि खडक ही अर्धी गोष्ट झाली. उरलेली अर्धी घराच्या बांधणीत आहे. जुन्या बंगल्यांची जोती उंच, छपरे कौलारू, भिंतींत झरोके. वारा हक्काने येई-जाई. नवा बंगला उतार कापून बसविलेला, मागची भिंत मातीला टेकलेली, तळघरात करमणुकीची खोली, खिडक्यांना घट्ट सरकत्या काचा आणि वातानुकूलन. त्यात लोणावळ्याचा पावसाळा म्हणजे महिनोन्महिने बंद खिडक्या. वायू थोडा असला, तरी त्याला बाहेर पडण्याची वाटच आपण बुजविली आहे.

आणि हा धोका असलाच तर तो कोणाच्या वाट्याला येतो? मालक शनिवार-रविवार येतो, खिडक्या उघडतो आणि परत जातो. बारा महिने तेथे राहतो तो रखवालदार आणि त्याची बायकामुले. आणि त्याची खोली बहुधा सर्वांत खालची, सर्वांत लहान खिडकीची. त्याला विडीची सवय असेल, तर रेडॉनचा धोका त्याला धूम्रपान न करणाऱ्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक. म्हणून तपासणी करावयाची झाल्यास ती दिवाणखान्यात नव्हे, त्या खोलीत प्रथम केली पाहिजे.

तपासणी अवघड नाही. विशिष्ट प्लॅस्टिकच्या फितीचा एक छोटा तुकडा डबीत घालून तीन महिने खोलीत टांगून ठेवावयाचा. किरणांच्या खुणा त्यावर उमटतात आणि त्या मोजता येतात. तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने अशा मापनाची साधने विकसित केली असून देशातील अनेक विद्यापीठे ती वापरतात. एक मापन पावसाळ्यात व एक उन्हाळ्यात केल्यास वर्षाचे चित्र स्पष्ट होते.

उपायही आवाक्यातले आहेत. जमिनीच्या भेगा बुजविणे, झरोके मोकळे ठेवणे, आणि प्रमाण अधिकच आढळल्यास फरशीखालची हवा नळीवाटे पंख्याने छपरावर सोडणे. बांधतानाच फरशीखाली खडीचा थर, त्यावर प्लॅस्टिकचा पडदा व वर जाणारी नळी घातली, तर खर्च किरकोळ येतो. मागाहून तेच करावयाचे तर फरशी फोडावी लागते.

लोणावळा नगरपरिषदेने तळघर असलेल्या काही नव्या बंगल्यांत व रखवालदारांच्या खोल्यांत एक वर्षभर असे मापन करवून घ्यावे. आकडे निर्धोक निघाले तर सर्वांनाच आनंद होईल. पण पाषाण चांगला आहे म्हणून हवाही चांगली असणार, हा केवळ तर्क झाला. हवेच्या नावावर घरे विकणाऱ्या गावाने ती हवा एकदा मोजून पाहावी, एवढी अपेक्षा अवास्तव म्हणता येणार नाही.