दात दुखायचा थांबला म्हणजे बरा झाला का?

रात्रभर ठणकणारा दात सकाळी अचानक गप्प झाला, तर लगेच खूश होऊ नका. आतली नस मेली असेल, आणि पू मुळाच्या टोकाशी साचतच राहतो. डॉक्टर दातावर टकटक करतात, थंड लावून बघतात, एक्स-रे काढतात. नुसत्या अँटिबायोटिकवर भागत नाही. मेलेल्या नसेत रक्तच जात नाही, तर औषध पोचणार कसं? पू काढायचा, मग रूट कॅनाल, नाहीतर दातच काढायचा.

हिरडीवर पुळी येऊन पू बाहेर झिरपत असेल तर आयसीडी-१० मध्ये कोड के०४.६, नसेल तर के०४.७. हो, एवढ्याशा पुळीवरून आकडा बदलतो! म्हणून केसपेपरवर तिची नोंद हवी.

सूज डोळ्याकडे किंवा गळ्याकडे सरकली, गिळता येईना, तर अपॉइंटमेंटची वाट बघू नका. थेट हॉस्पिटल गाठा.