मेसेज नको असेल तर नंबर ब्लॉक करू नका, फक्त "बंद" लिहा



आज पिकाचं नाही, मेसेजचं बोलायचंय. दोन मिनिटं काढून पूर्ण वाचा.

मागच्या महिन्यात आपले एक सभासद काका ऑफिसला आले. डाळिंबाची बाग काढून त्यांना दोन वर्षं झाली, तरी डाळिंबाचे मेसेज रोज जात होते. खाली आम्ही लिहायचो, "अनसबस्क्राइब करण्यासाठी स्टॉप रिप्लाय करा." काकांना त्याचा अर्थच लागला नाही. वैतागून त्यांनी नंबर ब्लॉक केला. मग पावसाचा मेसेजही पोचला नाही आणि काढलेला कांदा शेतातच भिजला. चूक काकांची नाही, आमच्या लिहिण्याची. म्हणून आता सोपं करतोय.

*नको असलेला मेसेज असा बंद करा*
१) हा मेसेज ज्या नंबरवरून आलाय, तिथंच खाली उत्तर लिहा.
२) विषयाचं नाव आणि पुढं "बंद" लिहा. उदा. "डाळिंब बंद" किंवा "बाजारभाव बंद". काहीच नको असेल तर "सगळे बंद".
३) टाइप करायला जमत नसेल तर माइकचं बटण दाबून धरा आणि बोला.
४) आमच्याकडून "बंद केले" असं उत्तर येईल. दोन दिवसांत आलं नाही तर फोन करा.

पुन्हा हवा असेल तर "डाळिंब चालू" लिहा. कारण कुणी विचारणार नाही. तुमच्या सभासदत्वावर किंवा मालाच्या खरेदीवर याचा काहीही परिणाम होणार नाही.

हा ग्रुप नाही, त्यामुळं लाजू नका. तुमचं उत्तर फक्त आम्हाला दिसतं, बाकी सभासदांना नाही.

*ब्लॉक का नको?*
ब्लॉक केल्यावर आमचा एकही मेसेज येत नाही. त्या काळातले मेसेज नंतर ब्लॉक काढला तरी मिळत नाहीत. आम्हाला फक्त एक टिक दिसते. फोन बंद आहे की ब्लॉक केलंय, ते कळत नाही. नुसत्या आवाजाचा त्रास असेल तर वर आमच्या नावावर दाबून "म्यूट" करा. मेसेज येत राहतील, फोन वाजणार नाही.

*मेसेज येणंच थांबलंय?*
आपला नंबर फोनमध्ये सेव्ह असेल तरच हे मेसेज पोचतात. नवीन फोन घेतला असेल तर आधी नंबर सेव्ह करा. शेजारच्या सभासदालाही सांगा, कारण त्याला हा मेसेज मिळणारच नाही.

*जाहिरातींचे एसएमएस आणि कॉल*
ते बंद करायला १९०९ वर फोन लावा. बँकेचे मेसेज आणि ओटीपी तरीही येत राहतील.

⚠️ मेसेज बंद करायला ओटीपी, आधार नंबर किंवा बँक खातं लागत नाही. आम्ही ते कधीच मागणार नाही. अनोळखी नंबरवरून "बंद करण्यासाठी इथे दाबा" अशी लिंक किंवा एपीके फाइल आली तर उघडू नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा.

आपला,
कृषी सल्लागार