चरबी, किडनी आणि बीपी

‘काका, शर्ट वर घ्या. पोट आत ओढू नका.’ सांगूनही काका ओढतातच. सिस्टर शांतपणे वाट बघतात. शेवटची बरगडी चाचपायची, मग कमरेचं हाड, आणि दोन्हींच्या मधोमध टेप फिरवायची. श्वास सोडला की आकडा वाचायचा. ९८ सेंटीमीटर. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि बायकांसाठी ८० ही मर्यादा धरतात.

मग पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं. काकांचा दंड भरदार, म्हणून सिस्टर मोठा पट्टा काढतात. लहान पट्टा बांधला तर बीपी असतं त्यापेक्षा जास्त दिसतं; तरी कितीतरी दवाखान्यांत सगळ्यांना एकच पट्टा, ही माझी जुनी तक्रार. आकडा येतो १५२ वर ९६.

‘वजन वाढलं की हृदयाला जोर लावावा लागणारच,’ काका स्वतःच निदान करून टाकतात. ते खोटं नाही, पण त्यातून सगळा उलगडा होत नाही. त्यासाठी उंदरांकडे वळावं लागतं. एका जनुकात बिघाड असलेले हे उंदीर सतत खातात आणि बेसुमार लठ्ठ होतात. १९९४ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने तो जनुक हुडकला. त्याच्यापासून लेप्टिन हे हार्मोन तयार होतं, आणि तेही मुख्यतः चरबीच्या पेशींत. तोवर चरबीला कोठारापलीकडे फारशी किंमत नव्हती. या उंदरांत लेप्टिन तयार होत नाही, आणि एवढे लठ्ठ असूनही त्यांचं बीपी चढत नाही. जन्मतः लेप्टिन नसलेली माणसं फारच विरळ. त्यांच्यातही लठ्ठपणा प्रचंड असूनही बीपी चढलेलं आढळलं नाही. तेव्हा सगळं खापर किलोंवर फोडता येत नाही.

काकांच्या रक्तात मात्र लेप्टिन भरपूर असणार. ते मेंदूतल्या हायपोथॅलॅमसला सांगतं, खाणं पुरे, आता ऊर्जा खर्च करा. चरबी वाढत गेली की भुकेबद्दलचं सांगणं मेंदू ऐकेनासा होतो. पण संकटाच्या वेळी शरीराला सज्ज करणारी सिम्पथेटिक मज्जासंस्था त्याच लेप्टिनमुळे चेतलेलीच राहते. तिचे तंतू किडनीपर्यंत जातात. किडनी रेनिन सोडते, त्यातून अँजिओटेन्सिन तयार होऊन रक्तवाहिन्या आवळल्या जातात. अल्डोस्टेरॉन वाढतं आणि मीठ-पाणी अंगातच राहतं. अँजिओटेन्सिनचा कच्चा माल मुख्यतः यकृत पुरवतं, पण चरबीही त्यात भर घालते. शिवाय रक्तवाहिन्यांना मदत करणारं अ‍ॅडिपोनेक्टिन, चरबीचंच हार्मोन, लठ्ठपणात कमी होतं. एवढं सगळं चालू असताना माणसाला काही दुखत-खुपत नाही, हा खरा घोळ.

वजनकाट्यावर भागत नाही ते यामुळेच. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. ‘मी कुठे जाडा आहे?’ असं विचारणाऱ्या आपल्याकडच्या प्रत्येकाला मला तो फोटो दाखवावासा वाटतो.

काकांच्या केसपेपरवर टेल्मिसार्टन लिहिलं जातं. ही गोळी अँजिओटेन्सिनला पेशीवर बसू देत नाही, म्हणून वाहिन्या सैलावतात. चरबीतून जे सुटतं त्याला मात्र ती हात लावत नाही. त्यासाठी चरबीच उतरायला हवी. वजन किलोभर उतरलं की वरचा आकडा सरासरी एखाद्या अंकाने खाली येतो, असा अनुभव आहे. काका लगेच हिशेब मांडतात, ‘मग दहा किलो उतरवले तर गोळी बंद ना?’

‘आधी उतरवा तर खरं,’ डॉक्टर म्हणतात. ‘तोवर एकही गोळी चुकवायची नाही. आणि लोणचं-पापड बंद, मीठ तसंही तुमच्या अंगातून लवकर बाहेर पडत नाहीये.’