लाव्ह्याच्या आधी पोहोचणारा वायू

आफ्रिकेतल्या कॅमेरूनमधलं न्योस सरोवर २१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री उसळलं. ना लाव्हा आला, ना राख उडाली. सुटला तो कार्बन डायऑक्साइड. हवेच्या दीडपट जड असल्यामुळे तो वर न जाता दऱ्यांच्या उताराने खाली पसरला आणि सुमारे २५ किलोमीटरपर्यंत पोहोचला. सतराशेहून अधिक माणसं आणि हजारो गुरं गुदमरून मेली.

एरवी निळं दिसणारं सरोवर त्यानंतर तांबूस झालं होतं. तळाच्या पाण्यात प्राणवायू नसल्याने तिथे लोह विरघळलेलं असतं. ते वर येऊन हवेशी गाठ पडताच गंजलं. तळ ढवळून वर आल्याची ही उघड खूण. तरीही शास्त्रज्ञांत जोरदार वाद झाला. सरोवराखाली ज्वालामुखीचाच उद्रेक झाला, असं काहींचं म्हणणं होतं. पण तळाचं पाणी तापलेलं नव्हतं आणि त्यात गंधकाचा अंशही नगण्य होता. वायू आधीपासून पाण्यात साठलेला होता, हेच पुढे बहुतेकांना पटलं.

तो मुळात आला होता प्रावरणातून. त्याच्यासोबतच्या हेलियमच्या समस्थानिकांचं प्रमाण तेच सांगतं. प्रावरणातला तप्त खडक वर सरकला की त्यावरचा दाब घटतो, त्याचा थोडा भाग वितळतो आणि खडकातला कार्बन त्या शिलारसात उतरतो. शिलारस वर चढू लागला, की पाण्याची वाफ बरीच वरपर्यंत त्यात विरघळून राहते. कार्बन डायऑक्साइडला मात्र तेवढा दम निघत नाही. कित्येक किलोमीटर खोलवरच तो बुडबुड्यांच्या रूपाने वेगळा होतो आणि भेगांमधून आपली वाट धरतो. शिलारस खालीच थिजला, तरी वायू वर पोहोचतो. दख्खनच्या उद्रेकांनी हवेत किती वायू सोडला, याचा हिशेब म्हणूनच सह्याद्रीतला बसाल्ट मोजून पुरा होत नाही. वर न आलेल्या शिलारसाचा वाटाही त्यात धरावा लागतो, आणि तो मोजणं महाकठीण.

कॅलिफोर्नियातल्या मॅमथ पर्वताखाली १९८९ मध्ये कित्येक महिने लहान लहान भूकंप होत राहिले. उद्रेक झालाच नाही. पुढच्या वर्षी पायथ्याची झाडं मात्र वाळू लागली. आधी संशय गेला दुष्काळावर आणि किडीवर. मातीतली हवा तपासल्यावर कळलं, की कार्बन डायऑक्साइड इतका दाटला होता की मुळांचाच श्वास कोंडला होता.

न्योसमध्ये हा वायू भूजलात मिसळून तळाशी झिरपतो. सरोवराची खोली २०० मीटरहून अधिक. तळाशी हवेच्या दाबाच्या वीसपट दाब. थंड प्रदेशातल्या तळ्यांसारखं इथलं पाणी ऋतुमानानुसार वरखाली होत नाही, त्यामुळे वायू वर्षानुवर्षं साचत गेला. त्या रात्री बहुधा दरड कोसळून खालचं पाणी थोडं वर ढकललं गेलं असावं. दाब उतरला, बुडबुडे सुटले, त्यांनी आणखी पाणी वर खेचलं आणि सोडा वॉटरची बाटली फसफसून उतू जावी तसं सरोवर उसळलं.

उपाय याच तत्त्वावर बेतला. २००१ मध्ये तळापर्यंत एक नळी सोडली. पंप लावावा लागला तो फक्त सुरुवातीला. मग वायूच्या जोरावरच पाण्याचा सुमारे ५० मीटर उंच फवारा उडू लागला. २०११ मध्ये आणखी दोन नळ्या बसवल्या. साठा आता बराच ओसरला आहे, पण खालून आवक चालूच आहे. त्यामुळे नळी काढून घेण्याची सोय नाही.