बटण दाबले, पण टेप फिरली का?

लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा धंदा वरून सोपा दिसतो. कॅमेरा खांद्यावर घ्यायचा, हॅलोजन धरायला एक पोरगा ठेवायचा आणि बटण दाबायचे. कोपरगावात हे काम सुरू केले तेव्हा आमचीही समजूत अशीच होती. टेपच्या कॅमेऱ्यात बटण दाबणे वेगळे आणि रेकॉर्डिंग सुरू होणे वेगळे, हे आम्हाला एका निकाहात कळले. त्या धड्याची किंमत मात्र दुसऱ्याच घराने मोजली.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या अखेरीची. उन्हाळ्याचे दिवस, घरासमोर मांडव. मुलीचे वडील हयात नव्हते. थोरल्या चुलत्यांनी तिला वाढवले होते, आणि निकाहात वकील म्हणूनही तेच होते. दोन गवाह सोबत घेऊन ते मुलीची इजाजत घ्यायला घरात गेले. आम्ही बाहेर काझीसाहेबांसमोर कॅमेरा पॉजवर ठेवून उभे राहिलो. कॅसेट वाचवायची हा त्या वेळच्या धंद्याचा पहिला नियम होता. आत बायकांची गर्दी, मुलीचे रडणे, त्यामुळे दहा मिनिटे सहज गेली. चुलते बाहेर आले आणि भरल्या गळ्याने त्यांनी भर मजलिसीत इजाजत मिळाल्याचे सांगितले. आम्ही त्याच क्षणी बटण दाबले. घरी येऊन कॅसेट पाहिली, तर चुलत्यांचे ओठ मिटत होते आणि आवाज आला तो फक्त "…दी है" एवढाच.

हे असे का झाले?

टेपच्या कॅमेऱ्यात फिल्मसारखा एकेक फोटो निघत नाही. आत एक गोल ड्रम असतो, त्यावर बारीक हेड बसवलेली असतात आणि टेप त्या ड्रमभोवती तिरकी गुंडाळली जाते. आपल्याकडच्या पाल पद्धतीत व्हीएचएसचा ड्रम मिनिटाला 1500 फेरे घेतो. 1995 साली बाजारात आलेल्या मिनी डीव्हीचा ड्रम 9000 फेरे घेतो. ड्रमने पूर्ण वेग घेतल्याशिवाय आणि टेपची चाल त्याच्याशी जुळल्याशिवाय चित्र नीट उमटत नाही.

आता पॉजचे पाहू. पॉजमध्ये टेप थांबलेली असते, पण ड्रम फिरतच असतो. म्हणजे टेपची एकच जागा हेडखाली घासली जाते. त्याने टेप झिजते आणि हेडवर तिची भुकटी बसते. म्हणून कंपन्यांनी सोय केली की ठरावीक वेळ पॉजवर गेला, की कॅमेऱ्याने आपणहून ड्रम थांबवावा किंवा कॅमेराच बंद करावा. ही वेळ मॉडेलप्रमाणे साधारण तीन ते सहा मिनिटांची असते. आम्ही दहा मिनिटे थांबलो आणि कॅमेरा झोपी गेला. आमचे सारे लक्ष दाराकडे होते.

कॅमेरा जागा असला तरी तो लगेच सुरू होत नाही. दोन दृश्यांच्या जोडावर चित्र फाटू नये म्हणून तो टेप थोडी मागे घेतो, पुन्हा पुढे चालवून जुन्या रेकॉर्डिंगशी चाल जुळवतो आणि मग नवे रेकॉर्डिंग धरतो. यात क्षण जातात. काही कॅमेऱ्यांत या मागे येण्यामुळे आधीच्या दृश्याचे शेपूटही पुसले जाते. म्हणजे तोटा दोन्हीकडून.

आपल्या कॅमेऱ्याची उधारी मोजा

प्रत्येक कॅमेरा सारखा वेळ घेत नाही, म्हणून दुसऱ्याच्या अनुभवावर विसंबू नये. सेकंदकाटा असलेले घड्याळ भिंतीवर लावा, कॅमेरा त्यावर रोखा. बटण दाबताच घड्याळाकडे पाहत दर सेकंदाला मोठ्याने एक, दोन, तीन असे मोजा. मग कॅसेट मागे घेऊन ऐका. पहिला आकडा 'तीन' ऐकू आला तर दोन सेकंद बुडाले. हा प्रयोग तीन तऱ्हांनी करावा. आधी नुकत्याच पॉज केलेल्या कॅमेऱ्यावर, मग झोपी गेलेल्या कॅमेऱ्यावर आणि शेवटी पूर्ण बंद करून चालू केलेल्या कॅमेऱ्यावर. प्रत्येक प्रकार पाच वेळा करा आणि सर्वांत मोठा आकडा कागदावर लिहून कॅमेऱ्याला चिकटवा. आमच्या कॅमेऱ्यात पॉजवरून 'तीन' आणि झोपेतून 'सात' ऐकू आला. चुलत्यांचे वाक्य तेवढ्यातच संपले होते.

पुढे आम्ही पाळलेले नियम

पहिला नियम, मोठ्या क्षणाआधी पॉज नाही. काझीसाहेब बसले की टेप सुरू करायची, दुआ संपेपर्यंत थांबवायची नाही. हिंदू लग्नात अंतरपाट धरला की सुरू, हार पडेपर्यंत बंद नाही. निकाहाला पंधरा-वीस मिनिटे लागतात. तीन तासांच्या कॅसेटमध्ये हा हिस्सा किरकोळ आहे. साठ मिनिटांच्या मिनी डीव्हीतही फार तर तिसरा हिस्सा. जेवणावळीचे शूटिंग कमी करा, पण इथे हात आखडू नका.

दुसरा नियम, वाट पाहणे लांबले तर मिनिटाचा अंदाज ठेवावा. कॅमेरा झोपण्याआधी मांडवाचे, पाहुण्यांचे दहा सेकंद चित्र घ्यावे. कॅमेरा जागा राहतो आणि ते दृश्य मिक्सिंगला उपयोगी पडते.

तिसरा नियम, व्ह्यूफाइंडरमध्ये लाल खूण दिसली म्हणजे काम झाले असे समजू नये. काउंटरचा आकडा पुढे सरकतो का ते पाहावे, आणि मगच हाताखालच्या पोराला खूण करावी.

चौथा नियम, प्रत्येक दृश्याच्या आधी पाच सेकंद आणि शेवटी तीन सेकंद जास्त ठेवावेत. मिक्सिंगच्या मशीनलाही कापण्याच्या जागेच्या मागे काही सेकंद धाव लागते. ती जागा कॅसेटमध्येच नसेल, तर चांगले दृश्यही जोडता येत नाही.

पाचवा नियम, आवाजाची वेगळी सोय. साधा टेपरेकॉर्डर माइकजवळ सुरू करून ठेवावा. चित्र चुकले तरी शब्द उरतात.

सहावा नियम, हवेचा. थंडीत भल्या पहाटे बाहेर काम करून कॅमेरा एकदम गरम मांडवात नेला, की ड्रमवर दव धरते. मग कॅमेरा दवाची सूचना दाखवून चालायलाच नकार देतो. पिशवीत बंद ठेवूनच तो आत न्यावा आणि हवेशी जुळायला वेळ द्यावा.

मिनी डीव्हीवाल्यांसाठी आणखी एक. मधेच कॅसेट मागे घेऊन पाहिली, तर पुढे कोरी जागा सोडून रेकॉर्डिंग करू नये. टाइमकोड तुटतो, पुन्हा शून्यापासून सुरू होतो आणि संगणकावर उतरवताना काम अडते. कॅमेऱ्यात 'एंड सर्च'चे बटण असेल तर ते वापरावे.

आज याचा उपयोग काय?

कोणी म्हणेल, आता कार्डाचे कॅमेरे आले, त्यांतले कित्येक तर बटण दाबण्याच्या आधीचेही काही सेकंद राखून ठेवतात. मग टेपचे रडगाणे कशाला? कारण असे की, कॅसेटी अजून घराघरांतल्या कपाटांत आहेत आणि त्या वाजवणारी यंत्रे संपत चालली आहेत. जपानच्या फुनाई कंपनीने जुलै 2016 मध्ये व्हीसीआर बनवणे थांबवले. ज्याच्याकडे चालू व्हीसीआर किंवा जुना टेपचा कॅमेरा आहे, त्याला कॅसेट संगणकावर उतरवून देण्याचे काम आजही मिळते. आपल्या तरुणांनी हे काम जरूर करावे, पण शिकून करावे. कॅसेट लावण्याआधी पुसली न जाण्याची सोय करावी. व्हीएचएसची मागची पट्टी तोडावी, मिनी डीव्हीची खिट्टी सरकवावी. पांढरी बुरशी दिसली तर कॅसेट यंत्रात घालू नये, ती हेडलाही लागते. संगणकाचे रेकॉर्डिंग आधी सुरू करावे, टेप नंतर चालवावी. घाईने पुन्हा सुरुवातीचे सेकंद गमावू नयेत.

या कामामुळेच ती जुनी कॅसेट वीस-बावीस वर्षांनी आमच्याकडे परत आली. घेऊन आली ती त्या लग्नातली मुलगी. चुलते वारले होते. तिला बाकी काही नको होते, फक्त त्यांचा आवाज हवा होता.

लग्नाच्या वेळी चुलत्यांनी पूर्ण पैसे मोजले होते, आणि आम्ही गप्प राहिलो होतो. मालातला ऐब गिऱ्हाइकाला सांगूनच सौदा करावा, ही आपल्याकडची जुनी शिकवण. आम्हाला ती माहीत नव्हती असे नाही. त्याच दिवशी सांगितले असते, तर मजलिस उठण्याआधी त्यांना कॅमेऱ्यासमोर बसवून दोन शब्द घेता आले असते. तिला आम्ही सारे खरे सांगितले. ती काही बोलली नाही. संपूर्ण कॅसेट आम्ही तिच्यासमोर बसून तपासली, तेव्हा वलीम्याच्या दृश्यात, भांड्यांच्या आवाजात, चुलते वाढप्याला हाक मारताना सापडले. "इधर भी देखो, बच्चे बैठे हैं." तेवढेच आम्ही वेगळे काढून दिले. पैसे घेतले नाहीत.

या धंद्यात नव्याने उतरणाऱ्याला आमचे सांगणे एवढेच की, टेप स्वस्त आहे, ती फिरू द्यावी. आणि तरीही चूक झालीच, तर मांडव उतरण्याआधी घरधन्याला सांगावे.