आजारपणाचे ओझे आणि सामायिक आधार



पैठणच्या एखाद्या विणकराचा माग आजारपणामुळे थांबला, तर त्या घराचे दुहेरी नुकसान होते : मिळकत बुडते आणि रुग्णालयाचे देणे वाढते. मग सावकाराचे दार गाठावे लागते. सूक्ष्म आरोग्य विम्याचा उगम या व्यथेतच आहे. अनेकांनी थोडेथोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याला त्यातून सावरावे, हे त्याचे साधे सूत्र.

अहमदाबादच्या ‘सेवा’ संघटनेने १९९२ मध्ये कष्टकरी भगिनींसाठी असा विमा सुरू केला. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या अभ्यासातून दोन गोष्टी दिसल्या. कुटुंबाला खचवणाऱ्या खर्चाची प्रकरणे भरपाईमुळे निम्म्याहून कमी झाली. मात्र ती भरपाई हाती येण्यास महिने लागत.

दयाळू शोमरोन्याने जखमी वाटसरूसाठी धर्मशाळेच्या रक्षकाकडे पैसे आधीच दिले होते, याचे येथे स्मरण होते. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेची रचना तशीच आहे : संलग्न रुग्णालयात मान्य उपचारांसाठी रुग्णाने पैसे भरावयाचे नसतात. २०२४ पासून राज्यातील सर्व कुटुंबांना वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण लागू आहे. परंतु नित्याच्या गोळ्या-औषधांचा खर्च आणि बुडालेली मजुरी त्यात येत नाही.

म्हणून धर्मग्रामातील तरुणांनी रविवारच्या मिस्सानंतर वृद्धांची कागदपत्रे पाहून द्यावीत, रुग्णालयातील आरोग्यमित्राला कसे भेटावे ते समजावून सांगावे. उरलेल्या ओझ्यासाठी आपला छोटासा सामायिक निधी उभा राहिला, तर शेजारप्रीती केवळ प्रवचनापुरती उरणार नाही.